प्रश्न क्रमांक अकरा

तन्वीरनं चार पानांचा फॉर्म दिला,
म्हणाला, घरी नेऊन भरा मावशी, घाई नाही.
घाई नाही म्हणताना त्याच्या मागे
जाळीला नाक लावून ढब्बू उभा होता.
वय नऊ. रंग भिजलेल्या पोत्याचा.
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू.
आधीचे मालक बाणेरचे, आता कॅनडात.
जाताना त्याची गादीही देऊन गेले,
धुऊन, काठाला काठ जुळवून घडी घातलेली.

नाव, पत्ता, व्यवसाय, हे सोपं.
कुंदा रामचंद्र भोसेकर, वारजे,
सेंट्रल बिल्डिंग, आवक-जावक.
घरात किती माणसं?
एक लिहिलं, आणि तो एक पुन्हा गिरवला,
उगाच, पुसट वाटू नये म्हणून.

प्राणी दिवसातून किती तास एकटा राहील?
साडेनऊला गाडी काढते,
कर्वे रस्ता जसा वागेल तशी साडेसातला परत.
म्हणजे दहा तास.
दहा तास मीही एकटीच असते,
पण माझ्यापुढे टपाल असतं.

पूर्वी कोणता जीव सांभाळला आहे?
इथं पेन अडलं.
तुळस तीनदा आणली.
विरजणसुद्धा टिकत नाही माझ्याकडे,
दर पंधरा दिवसांनी समोरच्या दिघावकर बाईंच्या दारात
मी आणि माझी वाटी.
आईला सांभाळलं नऊ वर्षं,
भरवलं, पुसलं, रात्री कूस बदलून दिली.
पण पर्याय होते: कुत्रा, मांजर, पक्षी, इतर.
इतरवर खूण केली.
मग खोडली.

भाद्रपदाला दोन महिने आहेत.
नदीपात्रात ढोलांचा सराव सुरू झाला
की माझ्याच छातीत काहीतरी हलतं.
अर्ध्या आंधळ्या म्हाताऱ्या कुत्र्याला
कुठल्या भाषेत सांगायचं
की बाबा रे, हा आनंद आहे?

प्रश्न अकरा.
प्राणी परत आणून देण्याची वेळ आली,
तर ती कोणत्या कारणानं येईल?
खाली तीन रेघा.
खरं लिहायचं ठरवलं.
बदली.
गुडघे.
सोसायटीची वार्षिक सभा.
रेघा संपल्या, मग समासात बारीक अक्षरात: कंटाळा.
शाई वाळेपर्यंत त्या शब्दाकडे बघत बसले.
घडी घालून गादी देणाऱ्यांनी इथं काय लिहिलं असेल?
बहुतेक, प्रश्नच येत नाही.

बारावा होता सहीचा.
तुमच्या गैरहजेरीत जबाबदारी घेणारी व्यक्ती.
आधी मनात सगळे नातेवाईक फिरून आले,
कोल्हापूर, ठाणे, एक अबोला धरलेला सांगवीत.
रात्री नऊला समोरची बेल दाबली.
विरजण? बाई म्हणाल्या.
नाही, म्हटलं.
त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं,
मग फॉर्मकडे.
चष्मा शोधला, दारातच उभ्यानं चारही पानं वाचली,
समासासकट.
कंटाळा येतोच हो, म्हणाल्या,
मला तुमचाही येतो दर पंधरा दिवसांनी.
चावतो का?
माहीत नाही.
तुम्हाला काय माहीत आहे मग?
मी म्हटलं, जाळीला नाक लावतो.

सही केली नाही त्यांनी.
रविवारी आधी बघून येऊ, म्हणाल्या,
मी मागे बसेन, पण गाडी हळू चालवायची.
आणि स्वतःच्याच वाटीत
चमचाभर विरजण घालून दिलं,
न मागता.

दूध कोमट केलं, बोट घालून पाहिलं,
विरजण ढवळलं, झाकण ठेवलं,
भांडं जुन्या टॉवेलात गुंडाळून ओट्याच्या कोपऱ्यात.
फॉर्म तसाच टेबलावर, वर पेपरवेट.

रात्री दोनदा उठले.
सव्वाला, आणि पुन्हा साडेतीनला.
झाकण अलगद उचलून बघितलं.
बघत बसल्यानं काही दही लागत नाही.
तरी बघितलं.